ठाण्याहून रात्रीच्या गाडीने मालवण-तारकर्ली: गाडी, स्टेशन आणि समुद्राच्या वेळा

शिदोरी

डिसेंबरमध्ये शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघायचं, शनिवार ते सोमवार मालवण-तारकर्ली आणि सोमवारच्या रात्रीच्या गाडीने परत, असा बेत आहे. चार मोठी माणसं आणि सात वर्षांची मुलगी. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना खालचाच बर्थ हवा.

कोकणकन्या घ्यावी की तुतारी? उतरायचं कुठे? मालवणला किल्ला सिंधुदुर्ग आहे, मग सिंधुदुर्ग नावाच्या स्टेशनवर उतरणं सोयीचं ना? सकाळी लवकर पोचलो आणि खोली दुपारी मिळाली तर मधल्या वेळात काय करायचं? किल्ला, स्कूबा आणि देवबागचं त्सुनामी आयलंड हे तिन्ही करायचं आहे. कोणता दिवस कशासाठी ठेवावा? अंदाजे नको, नेमकं सांगा.

---

अपलाइन

आधी तारीख बघा, कारण या मार्गावर तिकिटं वाया जातात ती तारखेमुळेच. कोकणकन्या (२०१११) सीएसएमटीहून रात्री ११:०५ ला सुटते आणि ठाण्याला बाराच्या आत येते. तुतारी (११००३) दादरहून ००:०५ ला सुटते, म्हणजे ठाण्याला ती मध्यरात्र उलटल्यावरच येणार. तुम्ही शुक्रवारी रात्री जेवून घराबाहेर पडणार. तेव्हा कोकणकन्येचं तिकीट शुक्रवारच्या तारखेचं आणि त्याच रात्रीच्या तुतारीचं शनिवारच्या तारखेचं काढायला हवं. तुतारीचं शुक्रवारचं काढलंत तर तुम्ही बॅग भरत असाल तेव्हा ती गाडी जाऊन वीस-बावीस तास झालेले असतील. पनवेलहून चढणाऱ्यांसाठी कोकणकन्याही मध्यरात्रीनंतरचीच, त्यामुळे त्यांच्या तिकिटावरही शनिवारच येतो.

आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. (नोव्हेंबर २०२४ पर्यंत हे १२० दिवस होतं. जुन्या लेखांवर विसंबू नका.) हे दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. तत्कालही तसंच, आदल्या दिवशी एसीसाठी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला. आता यातली गंमत बघा. शुक्रवार रात्रीच्या कोकणकन्येचं तत्काल गुरुवारी सकाळी उघडतं, पण त्याच रात्रीची तुतारी कागदोपत्री शनिवारची असल्यामुळे तिचं तत्काल शुक्रवारी सकाळी उघडतं. गुरुवारी हुकलं तरी त्याच रात्रीसाठी दुसरी संधी असते, आणि बऱ्याच जणांच्या ती लक्षातच येत नाही. तत्कालसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. जुलै २०२५ पासून तो नियम आहे, तेव्हा ते काम आठवडाभर आधीच उरकून ठेवा.

वेटिंग असेल तर प्रकार बघा. ठाण्याहून शोधलं की कधी पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या वेगळ्या कोट्याचं वेटिंग) दिसतं, आणि ते पुढे सरकायची आशा कमी असते. तीच गाडी सीएसएमटीहून शोधून बघा. तिथे जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण कोट्याचं वेटिंग) मिळत असेल तर तिकीट सीएसएमटीपासून काढायचं आणि काढतानाच बोर्डिंग स्टेशन ठाणे निवडायचं. भाडं किंचित वाढतं, पण ते वेटिंग सगळ्यात आधी सरकतं. एकदा ठाणे नोंदवलंत की मग दादरला चढायला जाऊ नका. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंग राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते घेऊन गाडीत बसता येत नाही. आरएसी असेल तर बसता येतं, मात्र साइड लोअर दोघांत वाटून.

सासूबाईंच्या बर्थबद्दल. लोअर बर्थचा वेगळा कोटा पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ वर्षांपासून असतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच तो मिळतो. पाच जणांचं एकत्र तिकीट काढलं की कोटा गेला. म्हणून सासूबाई आणि त्यांच्याबरोबर त्या वयोगटातलं आणखी कुणी असेल तर त्यांचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं. यात डबे वेगळे पडण्याचा धोका आहे. तो पत्करायचा नसेल तर एकाच तिकिटात ‘लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा’ हा पर्याय निवडा. मुलीसाठी वेगळा बर्थ हवा असेल तर पाच ते बारा वर्षांच्या मुलांना पूर्ण भाडं पडतं. अर्धं भाडं बर्थ न घेता. रात्रभराच्या प्रवासात सात वर्षांच्या मुलीला बर्थ हवाच.

बर्थचा नंबर आला की ८ ने भागा. स्लीपर आणि थर्ड एसीत बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अपर, ७ साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अपर. साइड लोअर गुडघेवाल्यांना चालतो, फक्त उंच माणसाचे पाय पसरत नाहीत.

---

कर्लीकाठ

वरची तारखेची माहिती अगदी बरोबर. आता उतरायचं.

सिंधुदुर्ग स्टेशनवर उतरू नका. ते जिल्ह्याच्या मुख्यालयापाशी, ओरोसला आहे, किल्ल्यापाशी नाही. किल्ला मालवणच्या समुद्रात, आणि मालवणला रेल्वेच येत नाही. मालवण-तारकर्लीसाठी उतरा कुडाळला. तिथून मालवण साधारण तीसेक किलोमीटर, रिक्षाने किंवा गाडीने तासाभराचा रस्ता. एसटीने जायचं तर स्टेशनपासून आधी बसस्थानक गाठावं लागतं, आणि बॅगा व म्हाताऱ्या माणसासकट हा मधला टप्पा त्रासाचा होतो. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, हे मात्र लक्षात ठेवा. कणकवलीहूनही मालवणला जाता येतं, पण ते लांब पडतं. आचऱ्याच्या बाजूला राहणार असाल तरच तो विचार करा. आणि देवबागला राहायचं ठरलं तर गाडी ठरवताना ‘मालवण’ न म्हणता ‘देवबाग’ असंच सांगा. मालवणहून देवबाग आणखी दहा-बारा किलोमीटर आत आहे, आणि घासाघीस नेमकी तिथे होते.

स्टेशनांचा क्रम पाठ करून घ्या. कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ. कणकवली आली की मिडल बर्थ खाली करायचा, चपला शोधायच्या, बॅगा दाराकडे सरकवायच्या. कुडाळला गाडी मोजकी मिनिटं थांबते. सासूबाईंना उतरवायचं काम आधी, सामान नंतर. रात्री झोपताना रेल्वेच्या १३९ या नंबरवर डेस्टिनेशन अलर्ट (स्टेशन येण्याआधी उठवणारा फोन) लावून ठेवा. मोबाइलच्या नकाशावर भिस्त ठेवू नका, रत्नागिरीच्या आसपास बोगद्यांची रांगच आहे. करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा.

गाडी उशिरा येईल हे धरूनच चाला. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला, पण पुढे बहुतेक एकेरीच आहे. समोरची गाडी उशिरा आली की तुमची क्रॉसिंगला थांबणार. डिसेंबरमध्ये कोकणकन्या कुडाळला सकाळी साडेसात-आठच्या सुमारास येते, तुतारी थेट दुपारच्या तोंडाला. पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, वेगळं वेळापत्रक असतं आणि वेग उतरवलेला असतो, तेव्हा या वेळा धरू नका.

खोलीचं म्हणाल तर घरगुती निवासवाल्याला आदल्या दिवशी फोन करून दोनच गोष्टी विचारा: सामान ठेवून आंघोळीला एक खोली मिळेल का, आणि दुपारच्या जेवणाला किती ताटं सांगू. दुसरी जास्त महत्त्वाची. बहुतेक ठिकाणी सांगितल्याशिवाय मासे आणतच नाहीत, आणि एक वाजता जाऊन बसलात तर डाळ-भातावर भागवावं लागतं.

---

शिदोरी

दोघांचेही आभार. म्हणजे कोकणकन्याच. त्सुनामी आयलंडबद्दल ‘पाणी असेल तर दिसत नाही’ असं एकाने सांगितलं, ते कळलं नाही. आणि किल्ला सासूबाईंना झेपेल का?

---

पाणबुड्या

त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा. भरतीत त्यावर पाणी असतं, ओहोटीला वर येतो. त्यामुळे दिवस कॅलेंडरवर नाही, तिथीवर ठरवा. जुना ठोकताळा असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी अकराला समुद्र भरलेला आणि संध्याकाळी पाचच्या पुढे उतरलेला. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास आणि रोज वेळ पाऊणएक तासाने पुढे. हा ठोकताळा मुंबईकडे चांगला बसतो. मालवणला भरती त्याआधी येते, तेव्हा तासभर मागेपुढे धरा आणि निघायच्या सकाळी होडीवाल्याकडून पक्कं करून घ्या. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे) पट्टा जास्त उघडा पडतो, पण पाण्याचा ओढही तेव्हाच जास्त असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, दोन्ही कमी.

ओहोटी लागली की नदीचं सगळं पाणी संगमातून समुद्राकडे ओढत जातं. वाळूवरून कमरेएवढ्या पाण्यात चालत पलीकडे जाण्याचा मोह तेव्हाच होतो, आणि माणसं सापडतात तीही तेव्हाच. मुलीला त्या बाजूच्या पाण्यात सोडू नका, लाइफ जॅकेट घातलं असलं तरी. पोहणारं मोठं माणूस ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ झुंजायचं नाही. अंग तरतं ठेवायचं आणि किनाऱ्याला समांतर बाजूला निघायचं.

स्कूबा नेहमी सकाळी करा. दुपारी समुद्रावरून वारा सुरू होतो, पाणी हलतं, खालचं गढूळ होतं आणि होडीत उलट्याही जास्त होतात. पण पहिल्या सकाळी, ट्रेनमधून उतरल्या उतरल्या, स्कूबा ठेवू नका. झोप झालेली नसते आणि गाडी लेट झाली तर वेळही हातची जाते. रविवारची सकाळ ठेवा. न्याहारी हलकी, निदान दोन तास आधी. सर्दी असेल तर पाण्याखाली जाऊच नका. नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सुटत नाही आणि पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कानात कळ येते. खाली जाताना, दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची. दुखायला लागल्यावर मारून उपयोग नाही, थोडं वर यायला सांगायचं. दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर नको. मुलगी सात वर्षांची, तिलाही नको. तिच्यासाठी किनाऱ्याजवळचं उथळ पाणीच पुरे. एका नवख्यामागे पाण्याखाली एक स्वतंत्र प्रशिक्षक असेल का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. ‘एकाबरोबर दोघं’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. परतीला विमान घेणारे कुणी वाचत असतील तर स्कूबानंतर निदान १८ तास विमानात बसू नये. रेल्वेवाल्यांना ही अडचण नाही.

पावसाळ्यात मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्या आणि पाण्यातले खेळ बंदच असतात. तुमच्या डिसेंबरला प्रश्न नाही.

---

कर्लीकाठ

किल्ल्याचं मी सांगतो. सासूबाईंना अडचण किल्ल्यात कमी, होडीत जास्त. मालवणच्या धक्क्यावरून होडीत पाय टाकताना आणि पलीकडे उतरताना होडी वरखाली होते. पाणी उतरलेलं असलं की पायरी आणि होडीतलं अंतर आणखी वाढतं. भरतीच्या आसपासची वेळ पकडलीत तर चढउतार बराच सोपा होतो. एक माणूस होडीत आधी, एक धक्क्यावर मागे, मधे त्या. एवढं केलं की जमतं.

आत गेल्यावर तटावर चढायची सक्ती नाही. १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला कुरटे बेटावर आहे, तटाची लांबी तीनेक किलोमीटर, पण बघण्यासारखं बरंचसं सपाटीवर आहे: राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. सावली मात्र नावापुरती. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात. तेवढ्यात तट आणि मंदिर दोन्ही घाईचं होतं, म्हणून चढण्यापूर्वीच जास्त वेळ ठरवून घ्या. शनिवारी जाऊ नका, दमलेले असाल. सोमवारी सकाळी गर्दीही कमी.

शनिवारी दुपारी झोप काढा, संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव बघा. मुलीला तोच जास्त आवडेल, असा माझा अंदाज.

---

अपलाइन

परतीची कोकणकन्या (२०११२) मडगावहून संध्याकाळी सुटते आणि कुडाळला रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास येते. तिला तारखेचा गोंधळ नाही, सोमवारचंच तिकीट. ठाण्याला पहाटे पोचते, आणि इकडे खरी अडचण झोपमोडीची. अलर्ट पनवेलचा लावा, ठाण्याचा नको, म्हणजे आवरायला वेळ मिळतो. देवबागहून कुडाळला निघताना गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास हातात ठेवा. रस्ता अरुंद, आणि सोमवारी संध्याकाळी सगळेच परतत असतात.

सुकी मासळी आणणार असाल तर सुकट, सोडे, बांगडा आधी वर्तमानपत्रात, मग दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत, मग झाकणाच्या डब्यात. एसी डब्यात हवा तीच तीच फिरते, एका पिशवीतला वास तासाभरात सगळ्या डब्यात जातो आणि मग टीसीपर्यंत तक्रार. आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या उभ्या ठेवा. बूच सैल असेल तर कपड्यांवरचा डाग निघत नाही.