इस्टरची सहल, आणि काकू आयसीयूत

नमस्कार मंडळी,

इस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघांनी टेनेरिफ या स्पेनच्या बेटावर जायचं ठरलं होतं. विमान, हॉटेल सगळं एकाच टूर कंपनीचं पॅकेज. पैसे पूर्ण भरलेत, निघायला जेमतेम तीन आठवडे उरलेत. परवा मिरजेत काकूला पक्षाघाताचा झटका आला, आयसीयूत आहे. चुलतभाऊ फोनवर म्हणतो, "काळजीचं काही नाही, पोरांची सहल मोडू नकोस." आई गेल्यापासून मला काकूनंच वाढवलं, आणि या भावाचा आवाज मी ओळखतो.

पॅकेज रद्द करू, पुढे ढकलू, की आठवडाभर थांबून बघू? बँक खात्याबरोबर आलेला वार्षिक प्रवासविमा आहे. यातून कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

— अ., रेडिंग

*

अ., काळजी घे. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असशील तर इथल्या ब्रिटिश ग्राहक-कर्ज कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) सेक्शन ७५ खाली बँकेकडून परत माग. ऑफिसात एकाला मिळाले होते.

— स., स्लाव

*

अ., काकूंचं वाचून वाईट वाटलं. मी इथे विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी केली आहे, म्हणून थोडं रोखठोक लिहिते.

स., रागावू नका, पण सेक्शन ७५ इथे चालणार नाही. कंपनीने करार मोडला, सेवा दिलीच नाही, तर ते कलम कामाचं. इथे कंपनी न्यायला तयार आहे, आपणच जात नाही. २०१८ च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांत दंडाशिवाय रद्द करायची सोय आहे, पण ती जायच्या ठिकाणी काही आक्रित घडलं तर. घरचं आजारपण त्यात बसत नाही.

उरतो विमा. पॉलिसीत व्याख्यांचं पान काढा आणि 'जवळचे नातेवाईक' म्हणजे कोण ते आधी वाचा. आईवडील, सासूसासरे, भावंडं बहुतेक ठिकाणी असतात. काकू, मामा, आत्या कुठे असतात, कुठे नसतात. यादीत 'पालक' किंवा 'पालकत्व घेतलेली व्यक्ती' असं काही असेल आणि तुमच्या शाळेच्या कागदांवर काका-काकूंची नावं असतील, तर ते कागद जोडा. मान्य होईलच असं नाही, पण मुद्दा सोडू नका.

दुसरी मेख जुन्या आजाराची. काकूंना आधीपासून बीपी, मधुमेह असेल आणि बुकिंगच्या वेळी उपचार चालू असतील, तर काही पॉलिसी तिथेच हात वर करतात. जो आजारी तो प्रवासाला येणार नव्हता, तरीही. म्हणून विचारतील ते खरं सांगा. कागद शेवटी डॉक्टरकडूनच येतो, आणि तिथे लपवाछपवी उघडी पडते.

आता "आठवडाभर थांबून बघू" बद्दल. नका थांबू. रद्द करण्याचा दंड तारखेवर ठरतो. निघायचा दिवस जवळ येतो तसा तो चढत शेवटी शंभर टक्क्यांवर जातो. जाता येणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही तुम्ही गप्प बसलात, तर वाढलेला फरक विमा कंपनी तुमच्याच माथी मारू शकते. आजच विमा कंपनीला फोन करा, फोन कुणी घेतला, किती वाजता, लिहून ठेवा. क्लेम नाकारला तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार. त्यांना ८ आठवडे असतात, नंतर फायनान्शियल ओम्बड्समन, म्हणजे बँका-विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था. तिथे पैसे पडत नाहीत.

आणि एक. चौघांनीही रद्द करायला हवं का, याचा घरी विचार करा. त्याच २०१८ च्या नियमांत पॅकेजमधली जागा दुसऱ्याच्या नावे करण्याचा हक्क आहे, निघण्याच्या किमान ७ दिवस आधी कळवलं तर. जो खर्च येईल तो भरावा लागतो. चार्टर (सहलींसाठी खास भाड्याने घेतलेलं) विमान असेल तर बहुधा थोडक्यात भागतं, नेहमीच्या एअरलाइनचं तिकीट असेल तर नवं काढण्याइतका पडू शकतो. आकडा विचारून मगच हो म्हणा.

— मी., हॅरो

*

अ., ताईंनी पैशांचं सगळं सांगितलंच आहे. मी डॉक्टर म्हणून दोन गोष्टी.

"काळजीचं काही नाही" हे आपल्याकडचे लोक परदेशातल्या माणसाला नेहमीच सांगतात. धावपळ होईल, खर्च होईल म्हणून. भावाला "कशी आहे" विचारू नकोस, नेमकं विचार: शुद्धीवर आहे का, माणसं ओळखते का, गिळता येतं का, नळी घातली आहे का, व्हेंटिलेटर आहे का. गुठळी होती की रक्तस्राव, सीटी स्कॅनमध्ये काय आलं. उत्तरं ऐकून तुझं तुलाच कळेल. ती ओळखत असेल तर आत्ता जा. बरी होऊन घरी आल्यावर मदतीची गरज लागेल हे खरं, पण त्यासाठी पुन्हा जाता येतं.

कागदांसाठी डिस्चार्ज समरीची वाट बघू नकोस, ती घरी सोडतानाच मिळते. भावाला सांग, आत्ताच लेटरहेडवर ॲडमिशनची तारीख, निदान, आधीचे आजार, डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर असा दाखला घ्यायला. विमा कंपनीचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोही उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच भरून घ्यावा लागतो, माझ्यासारख्याची इथली सही चालत नाही. मिरजेत दवाखाने बघत मोठा झालेला भाऊ आहे, जमवेल.

परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट काढ. स्वस्तातलं बघत बसू नकोस.

— डॉ. व., वॉटफर्ड

*

मंडळी,

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांचे प्रश्न भावाला विचारले. दोन उत्तरं दिली आणि रडायला लागला. काकूची उजवी बाजू गेली आहे, बोलणं नाही, पण वहिनीचा हात धरून ठेवते. उद्या रात्रीच्या विमानाने निघतोय. मुंबईहून पुढे महालक्ष्मी एक्सप्रेस, नाहीतर गाडी करेन. सहलीची रजा साहेबांनी कुरकुर न करता पुढे आणून दिली.

विमा कंपनीशी बोललो. काकू त्यांच्या यादीत नाही. शाळेचे दाखले भाऊ शोधतोय, मिळाले तर पाठवेन, पण त्या भरवशावर काही ठरवलेलं नाही.

ताई, तुमचा शेवटचा मुद्दा कामी आला. पॅकेज रद्द करत नाही. माझ्या जागी मेहुणी जाते आहे. विमान चार्टर निघालं, त्यामुळे नाव बदलण्याचा खर्च एका जागेच्या किमतीपुढे काहीच नाही. बायको आधी अजिबात तयार नव्हती. घरात एवढं आजारपण आणि आपण समुद्रावर, लोक काय म्हणतील. पण मुलांची शाळा अजून सुटलेली नाही, त्यांना मिरजेत नेऊन दवाखान्याच्या बाकावर बसवण्यात कुणाचंच भलं नाही, आणि पैसेही बुडणार. शेवटी तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, पुण्याहून फोन करून तिला जा म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे बॅगा भरायला घेतल्या. कुणाला खटकलं तर खटकू दे.

पाडव्याच्या कार्यक्रमाच्या हॉलची किल्ली माझ्याकडे आहे. स., आज संध्याकाळी स्लाववरून जातोय, तुमच्याकडे देतो. खुर्च्या मागच्या खोलीत आहेत, साउंडवाल्याला अजून उरलेले पैसे द्यायचेत.

— अ.

*

किल्ली घेतो. साउंडवाल्याचं मी बघतो, तू जा.

— स., स्लाव