मदत हवी आहे: झायनमध्ये कोणत्या वाटा निवडाव्यात? (एकोणसत्तरीचे बाबा, नऊ वर्षांची लेक आणि एंजल्स लँडिंगचा हट्ट)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात युटाहमधल्या झायन नॅशनल पार्कला जातोय. डॅलसहून लास व्हेगासपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. स्प्रिंगडेलमध्ये तीन रात्री, म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि निघायच्या दिवसाची सकाळ हातात. राहायचं ठरलंय, गाडी ठरलीय. घोडं अडलंय ते चालायचं कुठे यावर.

आम्ही पाच जण. मी आणि नवरा चाळिशीतले, लग्नाआधी सह्याद्रीत बरंच भटकलेले, आता वीकेंडला तळ्याकाठी चालणारे. लेक नऊ वर्षांची, पाणी दिसलं की आत. नाशिकहून आलेली आई 64 वर्षांची, सपाटीवर आम्हाला मागे टाकेल, पण कठडा नसला की तिचे पाय लटपटतात. आणि बाबा, वय 69. खरा प्रश्न बाबांचाच आहे.

कोणीतरी त्यांना एंजल्स लँडिंगचा व्हिडिओ पाठवला. अरुंद धार, दोन्हीकडे दरी, धरायला साखळी. तेव्हापासून दुसरा विषय नाही. "हरिहरच्या पायऱ्या चढलोय आणि उतरलोय मी. तिथे तर नुसत्या खोबण्या होत्या, साखळीसुद्धा नव्हती." खरं आहे, पण त्याला वीस वर्षं झाली. मागच्या वर्षी पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना ते तिरके होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होते. मी बघतेय हे लक्षात आल्यावर चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने खाली वाकले. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं.

आतापर्यंत जे कळलंय ते असं. एंजल्स लँडिंगला 1 एप्रिल 2022 पासून परमिट लागतं आणि ते सोडतीने मिळतं. मोसमाची सोडत आम्ही चुकवली, आदल्या दिवशीची उरलीय. त्याच वाटेवर अलीकडे असलेल्या स्काउट लुकआउटपर्यंत मात्र परमिटशिवाय जाता येतं. नॅरोज म्हणजे नदीतूनच चालायचं. एमरल्ड पूल्स, वॉचमन, पारूस आणि कॅनियन ओव्हरलुक ही नावं सगळीकडे दिसतात, पण जो तो "मस्ट डू" म्हणतोय, त्यामुळे निवडायला काहीच मदत होत नाही.

तर, बाबांना स्काउट लुकआउटपर्यंत न्यावं का? लेकीला नॅरोजमध्ये कुठवर न्यावं? आणि आईला बाकावर बसवून ठेवावं लागणार नाही असा एक तरी दिवस कसा आखावा? बाबांना "तुम्हाला झेपणार नाही" हे वाक्य मला म्हणायचं नाहीये, हेही लक्षात घ्या प्लीज.

प्रतिसाद १ – खारटतळेकर

सॉल्ट लेक सिटीत राहतो, झायनला पाच-सहा वेळा जाणं झालंय.

स्काउट लुकआउटला बाबांना नेऊ नका. कारण चढ नाही, उतार आहे. पार्कच्या शटल बसच्या ग्रोटो स्टॉपपासून हजार फुटांहून जास्त चढायचं, शेवटी वॉल्टर्स विगल्स नावाची 21 वळणं. वाट जवळजवळ सगळी सिमेंटने बांधलेली. सह्याद्रीत मातीवर पाय जरा तरी दबतो, इथे प्रत्येक पाऊल थेट गुडघ्यात वाजतं. माझे काका जोशात वर गेले. उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणापासून पाठ दरीकडे करून, उलटे चालत आले. खाली यायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला आणि पुढचे दोन दिवस ते हॉटेलच्या खोलीत.

त्याऐवजी ऑब्झर्व्हेशन पॉइंट, पण ईस्ट मेसाच्या बाजूने. वीपिंग रॉककडून वर येणारी जुनी वाट 2019 मध्ये दरड कोसळल्यावर बंद झाली. ईस्ट मेसाची वाट पठारावरूनच सुरू होते, जाऊन-येऊन सुमारे 7 मैल, बहुतेक सपाट, पाइनच्या झाडांतून. पॉइंटच्या जवळ थोडा दगडी उतार लागतो, म्हणजे चढ आहे तो परतताना. उतरताना कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना हे मानवतं. पॉइंटवर उभं राहिलं की एंजल्स लँडिंग पायाखाली दिसतं, अक्षरशः. एंजल्स लँडिंग 5,790 फूट, ऑब्झर्व्हेशन पॉइंट साडेसहा हजार. कळसूबाई 5,400. हे आकडे बाबांना सांगा, मग हट्ट कुठे जातो बघा. कड्याला कठडा नाही, पण जागा ऐसपैस आहे. आई दहा पावलं मागे झाडाखाली बसल्या तरी दृश्य चुकणार नाही.

अडचण एकच. तिथे पार्कची शटल जात नाही आणि शेवटचा रस्ता कच्चा. पाऊस झाला की नुसता चिखल. भाड्याची साधी गाडी घालू नका, खासगी गाड्या नेऊन सोडतात, ती सोय बघा. जाताना 1930 च्या बोगद्यातून जाल. बोगदा संपला की लगेच कॅनियन ओव्हरलुकची वाट आहे, जाऊन-येऊन जेमतेम मैलभर. पार्किंग इतकं तुटपुंजं की सकाळी सातनंतर आशा सोडा. त्या वाटेवर एका जागी कातळाला चिकटवलेला लाकडी साकव आहे, आईंना तिथे दृष्टिभय, म्हणजे खोली बघून भीती, वाटू शकतं.

प्रतिसाद २ – ओलेपाय

नॅरोजबद्दल मी सांगते, माझा मुलगा आठ वर्षांचा असताना गेलो होतो.

शटलचा शेवटचा, नववा स्टॉप म्हणजे टेंपल ऑफ सिनावावा. तिथून रिव्हरसाइड वॉक, एक मैल जायला आणि एक यायला, पक्की वाट. आई-बाबा सगळे येऊ शकतात. ती वाट जिथे संपते तिथे नदी सुरू होते आणि तिथून पुढे वाट म्हणजेच नदी. खालून वर जाताना परमिट लागत नाही, बिग स्प्रिंगपर्यंत जाता येतं, पण ते पाच मैल आणि तेवढेच परत. नऊ वर्षांच्या मुलीला तासभर आत आणि तासभर बाहेर पुरे. वाटेल तिथून वळता येतं हीच त्या वाटेची मजा.

सांधण दरी केली असेल तर घळ कशी असते ते माहीतच आहे. फरक एवढाच की इथे पाणी डोहापुरतं नसून सतत वाहतं आणि तळाशी नारळाएवढे, शेवाळलेले गोटे. पाय ठेवला की गोटा सरकतो. आधी काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवायची, मग एक पाऊल, ते बसलं की दुसरं. मुलगा पहिल्या दहा मिनिटांत तीनदा बसला, मग शिकला. स्प्रिंगडेलमध्ये बूट, रबरी मोजे आणि काठी भाड्याने मिळते. घ्याच. ऑक्टोबरात पाणी चांगलंच गार असतं आणि घळीत ऊन उतरत नाही. ज्या दुकानातून आम्ही घेतलं तिथे घाईत मुलाला एक नंबर मोठे बूट दिले गेले, मग मोज्यात वाळू आणि रडारड. दुकानातच घालून चालून बघा.

दोन गोष्टी गंमत म्हणून घेऊ नका. एक, सकाळी व्हिजिटर सेंटरमध्ये अचानक पुराचा इशारा बघायचा. तुमच्या डोक्यावर आभाळ निळं असलं तरी वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झाला की लोंढा घळीत येतो. दोन, नदीतल्या सायनोबॅक्टेरिया नावाच्या विषारी जिवाणूंमुळे ते पाणी प्यायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. लेकीला आधीच बजावून ठेवा.

प्रतिसाद ३ – जुनाभटक्या

ताई, तुम्ही दोघं तरी आदल्या दिवशीच्या सोडतीत नाव घाला. रात्री बारा वाजून एक मिनिटापासून दुपारी तीनपर्यंत अर्ज, चारला निकाल. अर्जाचे 6 डॉलर परत मिळत नाहीत, नंबर लागला तर माणशी 3 डॉलर. आणि व्हेगासहून येताय तर घड्याळ एक तास पुढे करा. आम्ही ते विसरलो आणि सोडतीची वेळ हुकली.

कोरड्या हवेचंही सांगतो. आपल्याकडे घाम टपटपतो म्हणून पाण्याची आठवण होते. तिथे घाम अंगावरच उडून जातो, शर्ट कोरडा आणि डोकं ठणकतंय असा प्रकार. खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं, मीठ-साखरेचं पाणी ठेवा. खारी मात्र जवळ येतील, त्यांना काही देऊ नका, बोटाला कडकडून चावतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार!

आता असं ठरतंय. पहिल्या दिवशी सकाळी रिव्हरसाइड वॉक सगळ्यांनी, पुढे नदीत मी, नवरा आणि लेक. आई-बाबा शटलने झायन लॉजला उतरून लोअर एमरल्ड पूलला जातील, वाट सव्वा मैलाच्या आतबाहेर आहे असं दिसतंय. दुसरा दिवस ईस्ट मेसा. निघायच्या सकाळी पारूस, नदीकाठची सपाट वाट, आईला हवं तेवढं. सोडतीत नाव घालणार, लागलंच तर फक्त नवरा जाईल. मला ती साखळी व्हिडिओतच पुरली.

बाबांना काल जेवताना आकडे सांगितले. कळसूबाईपेक्षा अकराशे फूट उंच म्हटल्यावर त्यांनी घास थांबवला. "म्हणजे ते एंजल का काय ते, खाली दिसणार?" म्हटलं हो. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री आईला विचारत होते, दुर्बीण नाशिकलाच राहिली का.

आता एकच राहिलंय. ईस्ट मेसाला सोडणाऱ्या गाडीचं बुकिंग किती दिवस आधी करावं, आणि परतीची वेळ आपण ठरवू शकतो का? बाबांना घाई केलेली चालत नाही. कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.