रोबोट स्टार्टअपमध्ये पैसा लावायचा तर कुठे: एकच काम करणारं यंत्र की सगळी कामं करणारं?

हिशेबनीस (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगतो. ज्या कंपनीचं यंत्र एकच कंटाळवाणं काम चोख करतं, तिथेच पैसा लावावा. 'आमचा रोबोट माणसाची सगळी कामं करेल' म्हणणाऱ्यांपासून लांब राहावं.

किवा सिस्टिम्स 2003 साली सुरू झाली. तिचे रोबोट जमिनीवर चिकटवलेले कोड वाचत जायचे आणि अख्खा रॅक उचलून कामगारापुढे आणायचे. यंत्राला हुशार करण्याऐवजी त्यांनी गोदामच यंत्राच्या सोयीचं करून घेतलं. 2012 मध्ये अ‍ॅमेझॉनने ती 77.5 कोटी डॉलरला घेतली.

उलट उदाहरण रीथिंक रोबोटिक्सचं. रोबोटशास्त्रज्ञ रॉडनी ब्रुक्ससारखा मातब्बर संस्थापक, 2012 साली आलेला बॅक्स्टर रोबोट, त्याला दोन हात, पडद्यावर चेहरा. पण कारखान्यांना अचूकता हवी होती आणि तिथेच तो कमी पडला. 2018 मध्ये कंपनी बंद. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने मात्र साधा एक यांत्रिक हात विकला आणि 2015 मध्ये टेराडाइन या अमेरिकी कंपनीने तिच्यासाठी 28.5 कोटी डॉलर मोजले.

लांबचं_बघा
साफ असहमत. निकाल लागल्यावर विजेते निवडणं सोपं असतं. आयरोबोट कंपनी 1990 ची, तिचा घरगुती रोबोट रूम्बा आला 2002 मध्ये. मधल्या बारा वर्षांत कुठल्याही वर्षी तुमची कसोटी लावली असती, तर तुम्ही पैसे दिले नसते. विलो गॅरेज या रोबोट प्रयोगशाळेचा पीआर-2 रोबोट बाजारात चालला नाही हे खरं, पण तिथे वाढलेल्या रॉस या रोबोटांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आज जगभरच्या प्रयोगशाळा आणि कंपन्या काम करतात.

हिशेबनीस
रूम्बा तरी काय करतो? केर काढतो. एकच काम! आणि रॉसचा फायदा सगळ्यांना झाला, गुंतवणूकदाराला परतावा मिळणं ही वेगळी गोष्ट.

नटबोल्ट
दोघांच्याही बोलण्यात मुख्य आकडा आलाच नाही. डेमोत 95 टक्के यश झकास दिसतं. तासाला 600 खोकी उचलणाऱ्या यंत्रात त्याचा अर्थ तासाला 30 चुका. म्हणजे शेजारी माणूस उभा हवाच, आणि वाचणारा पगार तिथेच गेला. शेवटचे चार-पाच टक्के मिळवण्यात वर्षं जातात. संस्थापकाला मी आधी विचारेन, माणसाचा हात न लागता यंत्र सलग किती तास चालतं? बिघडलं तर दुरुस्तीला कोण जाणार, कोणाच्या खर्चाने? झिजलेला गिअरबॉक्स सॉफ्टवेअर अपडेटने बदलत नाही.

लांबचं_बघा
त्याच शेवटच्या टक्क्यांसाठी तर डेटावरून शिकणारी नवी एआय मॉडेल्स हवीत. 2023 मध्ये ओपन एक्स-एम्बॉडिमेंट प्रकल्पात 22 प्रकारच्या रोबोटांचा डेटा एकत्र केला. त्यावर शिकलेलं मॉडेल अनेक कामांत त्या-त्या प्रयोगशाळेच्या स्वतःच्या पद्धतीपेक्षा सरस ठरलं. एका कामाचं शिक्षण दुसऱ्याला उपयोगी पडतं, हे तिथे दिसलं. एकाच कामाला जखडलेल्या कंपनीला ते कधीच मिळणार नाही.

नटबोल्ट
सुधारणा खरी आहे, पण प्रयोगशाळेतली. भाषेच्या मॉडेलांना इंटरनेटवर मजकूर तयार मिळाला. पकड किती घट्ट हवी, वस्तू निसटताना बोटांनी काय करावं, हा डेटा तसा आयता मिळत नाही. कोणीतरी यंत्र तासन्‌तास हाताने चालवून तो गोळा करतो. एकच काम करणारं यंत्र ग्राहकाकडे रोज चालत असेल, तर त्या डेटाचे पैसे ग्राहक भरतो. तुमच्या कंपनीत कोण भरणार?

लांबचं_बघा
गुंतवणूकदार. ग्राहकाच्या पैशावर डेटा जमवला तर तो ग्राहकाच्या एका कामापुरताच जमतो.

हिशेबनीस
मग तो पैसा दहा वर्षांत परत मागणाऱ्या फंडाचा नको. ज्याला घाई नाही असा मालक शोधा, तिथे माझी हरकत नाही.