बागेतलं फोटो प्रदर्शन: फ्लेक्स नको, मग काय? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-101: फोटो महोत्सवासाठी बागेतली जागा मिळतेय. फ्लेक्स छापून झाडांना दोरीने बांधूया का? प्रवेश मोफत आहे, त्यामुळे खर्चाला हात आखडताच ठेवावा लागेल.

सी-304: काकू, फ्लेक्स नको. कितीही ओढून बांधला तरी मधे पोट सुटतं, वारा शिरला की आयलेट (कडेच्या भोकांतल्या धातूच्या कड्या) फाटून निघतात. शिवाय चकाकतो. 3 मिमी एसीपी शीटवर (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक) थेट यूव्ही प्रिंट (अतिनील प्रकाशात लगेच सुकणारी शाई), मॅट फिनिश. वजन चौरस मीटरला साधारण 4 किलो. सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) स्वस्त पडतो, पण उन्हात वाकतो. गडद फोटो असेल तर आणखी लवकर.

सी-304: आणि बसवणारे हमखास विसरतात ते: तापमानात 50 अंशांचा फरक पडला की ॲल्युमिनियम मीटरला 1.2 मिमी वाढतं. 5 मिमीच्या स्क्रूला 7 मिमीचं भोक पाडा, रबर वॉशर घाला, गच्च आवळू नका. नाहीतर दुपारी फोटोला लाट येते.

ए-101: उभं कशावर करायचं? खड्डे खणून पाइप?

डी-203: खड्डे अजिबात नको. पाण्याच्या नळ्या, दिव्यांच्या केबली वरच असतात आणि झाडांची बहुतेक बारीक मुळंही वरच्या दीड-दोन फुटांतच. खोडाला खिळा तर नाहीच. दोरीसुद्धा वाऱ्याने घासून साल सोलते.

बी-502: मग पायाला वजन. 1.2 × 0.8 मीटरचा फोटो धरा, मध्य जमिनीपासून 1.5 मीटरवर. ताशी 60 किमीच्या झोतात त्यावर साधारण 20 किलोचा जोर येतो. पाया पुढे-मागे 1 मीटर पसरट असेल तर नुसता तोल राखायला 60 किलो लागतात, म्हणून फ्रेम धरून 90 तरी ठेवा. वाळूच्या पिशव्या चालतील, पण पायाच्या पट्ट्यांना बांधून. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून वादळाचा इशारा आला की फोटो उतरवायचे, पिशव्या वाढवत बसायचं नाही.

ई-602: कुंपण वापरा की! पॅरिसला लक्झेंबर्ग बागेच्या लोखंडी गजांवर बाहेरच्या बाजूने मोठे फोटो लावतात. वेगळा पाया लागत नाही, बाग बंद झाली तरी फुटपाथवरून दिसतात.

बी-502: चालेल. पण गजांमधून एरवी वारा आरपार जातो, फोटो लावला की तो सगळा कुंपणाला सोसावा लागतो. कुंपण जुनं असेल तर दोन फोटोंमध्ये एका फोटोइतकी जागा सोडा. खांब हलतोय का, ते आधी हाताने बघा.

डी-203: जागा भर दुपारी जाऊन ठरवा. सावली मिळते म्हणून लोक झाडाखाली लावतात आणि तिथेच घोळ होतो: फोटोवर कवडसे पडतात, चेहरा अर्धा पांढरा, अर्धा काळा. वर पक्षी आहेतच! इमारतीची सलग सावली उत्तम, नाहीतर उत्तर गोलार्धात फोटोचं तोंड उत्तरेला. स्प्रिंकलरच्या टप्प्यात नको, क्षाराचे डाग बसतात.

सी-304: अंधारे फोटो बाहेर मार खातात. आकाशाचा उजेड काळ्या भागावरून परततो आणि सगळं राखाडी दिसतं. ए4 नमुना छापून त्याच जागी धरून बघायचा, स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही.

ए-101: मग सगळ्यांना ग्रुपवरच फोटो टाकायला सांगू?

सी-304: नको नको! वॉट्सॲपवर साधा पाठवला की मोठी बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास उरते. 1.2 मीटरच्या प्रिंटला ते इंचाला जेमतेम 34, म्हणजे नुसते ठोकळे. इंचाला 100 हवेत, म्हणजे साधारण 4,700 × 3,150. मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 85 च्या आसपास भरतो. दोन मीटरवरून बघायला पुरतो, क्रॉप केलेला नसेल तर.

ई-602: माहितीच्या पाटीवरचं अक्षर 24 पॉइंटच्या खाली नको. ओळी सैल ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. पाटी जमिनीपासून 1 ते 1.4 मीटरवर, व्हीलचेअरवरूनही वाचता येते. फोटोपुढे 1.8 मीटर वाट मोकळी.

बी-502: फॉर्ममध्ये ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं असेल तर ते काढायला लावा, चांगले फोटोग्राफर तिथेच मागे फिरतात. किती दिवस, कुठल्या बागा, प्रसिद्धीसाठी कुठे वापरणार, एवढंच लिहून घ्या. लहान मुलांचे फोटो असतील तर पालकांची लेखी संमती.

ए-101: टिपून घेतलं. फोल्डरची लिंक रात्री टाकते. मूळ फाइलच चढवा, नावात फ्लॅट नंबर घाला.