बँडमर्यादित नाही म्हणून सॅम्पलिंग सोडायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सिग्नल बँडमर्यादित नसेल, म्हणजे त्यातल्या वारंवारतांना वरची ठाम हद्द नसेल, तर शॅननचं 1949 चं प्रमेय (हद्दीच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले तर त्यांवरून मूळ सिग्नल तंतोतंत परत मिळतो) लागूच होत नाही, म्हणून नमुन्यांवर, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या मोजमापांवर, भरवसा ठेवू नये. पहिला भाग खरा, दुसरा नाही.

आपल्या नागपूरचंच बघा. मे महिन्यात दुपारभर पारा चढलेला, आणि वादळी पाऊस आला की काही मिनिटांत धाडकन खाली. तापमानाच्या अशा आलेखाला वारंवारतेची काटेकोर वरची हद्द कुठून असणार? मुळात सुरू होऊन संपणारा कुठलाही सिग्नल बँडमर्यादित असूच शकत नाही.

पण चूक मोजता येते. फूरिए रूपांतर (सिग्नलमध्ये कुठली वारंवारता किती आहे ते सांगणारं फलन) समाकलनीय असेल, म्हणजे त्याच्या आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ सांत असेल, तर नमुन्यांवरून सिग्नल पुन्हा रचताना होणारी चूक पट्ट्याबाहेरच्या (नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून वरच्या वारंवारतांच्या) 'शेपटी'च्या समाकलाच्या दुपटीहून जास्त नसते. ही दुप्पट मला फार आवडते: एक वाटा कापल्या गेलेल्या वारंवारतांचा, दुसरा त्याच वारंवारता दुमडून आत घुसतात त्याचा, म्हणजे अलियसिंगचा. नमुन्याच्या नेमक्या क्षणी मात्र चूक शून्य!

उदाहरणार्थ e^(−|t|). शून्यापाशी टोक आहे, म्हणून शेपटी लांब. सेकंदाला 10 नमुने घेतले तर चूक 0.041 च्या आत, 100 घेतले तर साधारण 0.004. गुळगुळीत फलनासाठी ती याहून कितीतरी वेगाने घटते.

बर्नस्टाइनची असमानता, म्हणजे बँडमर्यादित फलनाचा अवकलज (बदलाचा वेग) किती मोठा असू शकतो याची हद्द, तीही अशीच बँडमर्यादित नसलेल्या फलनांपर्यंत वाढवता येते. अवकलजाची हद्द तीच राहते, फक्त अवकलज पट्ट्यापासून किती 'दूर' आहे ते मोजणारं एक पद जोडलं जातं. फलन बँडमर्यादित असेल तर ते अंतर शून्य, आणि जुनी असमानता जशीच्या तशी परत मिळते.