वरकस म्हणजे नक्की काय?

भाटले: दापोलीकडच्या एका जमिनीचे कागद इंग्रजीत करून देतेय. सातबाऱ्यावर 'वरकस' आहे. मी 'वेस्टलँड' लिहिलं, तर पक्षकाराची आई तडकली, "त्या जमिनीची नाचणी खाऊन पोरं वाढवली, पडीक कशी?" काय लिहू?

कातळकर: पडीक नव्हेच ताई. पडीक वेगळी, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, तोही वेगळा. भात होत नाही अशी उताराची जमीन ती. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, हरीक, नि पुढे काही वर्षं मोकळी. मोकळ्या वर्षी मोजणीदार आला तर त्याला झाडोराच दिसणार.

राबवाली: आणि राब? भाताच्या रोपांच्या दाढीत, म्हणजे वाफ्यात, भाजायला टाहाळ (पानांच्या फांद्या), पातेरा तिथूनच यायचा. आजी म्हणायची, "वरकसावर जा नि कवळ घेऊन या." कवळ म्हणजे तोच तोडलेला टाहाळ.

पुरातन: व्युत्पत्ती उघड आहे. वर + कस. वरच्या अंगाची, कस कमी असलेली.

राबवाली: 'कमी' कुठून काढलंत? शब्दात तर नाही. त्यापेक्षा वरी + कस म्हणा, निदान पिकतं तरी काहीतरी.

पुरातन: वरी खाऊन व्युत्पत्ती होत नाही.

शुद्धबोली: मुळात ही मोजणी देशावरची. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापुरात बसवलेली पद्धत डोंगरउतारावर आणून ठेवली. शिवकाळात आपली काठी होती, पाच हात पाच मुठींची. २० चौरस काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा. आणि कृपया 'सर्व्हे नंबर' म्हणू नका, 'भूमापन क्रमांक' म्हणा.

कातळकर: म्हणतो की. तलाठी विचारेल, "म्हणजे सर्व्हे नंबर ना?" बाकी इथे नुसत्या पद्धतीचा प्रश्न नव्हता, मध्ये गावाचा सारा गोळा करणारे खोत होते. १८८० साली खोतीसाठी वेगळा कायदा करावा लागला, तो काय उगाच?

नवशिका: थोडं विषयांतर. पणजोबांच्या वेळच्या टिपणावर बांधाच्या रेघेलगत '११ आणे' लिहिलंय. घरात सगळे सांगतात, खोताने तेवढे उकळले.

कातळकर: अरे, पैसे नव्हेत ते! मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० म्हणजे एकर. तुझे ११ आणे म्हणजे पावणेतेवीस फुटांना जरा कमी.

नवशिका: म्हणजे तीन पिढ्या खोताला फुकट शिव्या घातल्या?

राबवाली: फुकट नाही रे. इतर कारणं होती.

शुद्धबोली: 'टिपण' मात्र छान शब्द.

भाटले: मंडळी, उद्या कागद द्यायचेत. 'वरकस' तसाच ठेवून तळटीप देते.

पुरातन: तळटीपेत वर + कस घाला.

राबवाली: वरी.