मास्तरांचं मोडकं म्युझियम : जपायचं की आवरायचं?

ठाकूरद्वारी
आमच्या चाळीतले ड्रॉइंगचे मास्तर गेले त्याला परवा वर्ष झालं. गिरगावात दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत त्यांचं म्युझियम. प्रवेशफी म्हणून घरातली एक मोडकी वस्तू न्यायची, पैसे चालायचे नाहीत. मास्तर रीतसर पावती फाडत आणि वस्तूखाली टाकाने लिहिलेली चिठ्ठी लावत. किल्ली हरवलेलं कुलूप : 'भाडेकरू'. एकच काटा उरलेलं घड्याळ : 'सरकारी'. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेलेल्या शेवटच्या ट्रामचं तिकीटही होतं, निदान मास्तर तसं सांगत.

आता चाळ पडणार. नव्या इमारतीत सोसायटीने एक खोली या म्युझियमला द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात दिनकर केळकर अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या जमवत होते, तेव्हा तेही कुणाला वेडेच वाटले असतील.

मागचा जिना
खोली कुणाच्या वाट्यातली? पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात. त्यासाठी पंधरा वर्षं भांडलोय आम्ही. छत्रीच्या काड्यांना जागा द्यायला नाही.

ठाकूरद्वारी
काड्या नाहीत हो त्या. तुमच्या आजोबांची छत्री आहे तिथे, चिठ्ठीसकट. बघितलीत कधी?

मागचा जिना
बघितली. 'पावसाळा १, पुणेकर ०' असं लिहिलंय. आजोबा आठवडाभर बोलत नव्हते मास्तरांशी.

कसर_आणि_वाळवी
संग्रहालयांच्या कामात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. केळकरांचं उदाहरण अर्धंच दिलंत. त्यांनी शेवटी सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला, म्हणून तो टिकला. तरीही वीसेक हजार वस्तूंतल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ पासूनची इमारत, मालक खुद्द महापालिका. तरी अवकळा आलीच होती. डागडुजी २००३ ला सुरू झाली, दारं उघडली २००८ मध्ये, तीही खासगी प्रतिष्ठानचा पैसा आला म्हणून. मुंबईच्या दमट हवेत कागद म्हणजे कसरीला आमंत्रण. सोसायटी काय करणार, डांबराच्या गोळ्या टाकणार?

ठाकूरद्वारी
लंडनमध्ये जॉन सोन या वास्तुविशारदाने १८३३ मध्ये खास कायदा करून घेतला आणि त्याचं घर होतं तसंच राखलं गेलं. इच्छा हवी.

कसर_आणि_वाळवी
त्याच कायद्याने, ज्याच्याशी त्याचं हाडवैर होतं त्या मुलाच्या हाती घर लागू दिलं नाही, हेही लिहा की. घराचं म्युझियम झालं की घरातल्या कुणाला तरी बाहेर पडावं लागतं.

पुष्पावाहिनी
मी मास्तरांच्या शेजारच्या खोलीत वाढले. तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीबद्दल बोलताय. आतल्या खोलीत काकू, दोन मुलं, स्वयंपाक, मोरी, गाद्या. दहावीला मुलगा आमच्याकडे झोपायला यायचा. पाहुणे म्युझियम बघून हसत बाहेर पडायचे आणि काकू चहाचे कप विसळत बसायच्या. मास्तर मला आवडायचेच, मला चित्रकलेत बक्षीस त्यांच्यामुळेच मिळालं. पण 'अवलिया' म्हणताना त्या अवलियाचं जेवण कोण वाढत होतं ते विसरू नका.

ठाकूरद्वारी
काकूंनी कधी तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही.

पुष्पावाहिनी
तुम्ही ऐकायला आत आलात कधी? त्यांनी एकच चिठ्ठी लावली होती, आतल्या स्टोव्हवर, मास्तरांसारख्याच अक्षरात : 'वापरात आहे. हात लावू नये.'

मागचा जिना
हे माहीत नव्हतं.

कसर_आणि_वाळवी
मग असं करा. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत द्या, पावत्यांची स्थळप्रत असेलच. त्याआधी प्रत्येकीचा चिठ्ठीसकट फोटो घ्या. चिठ्ठ्या आणि पावतीपुस्तकं तेवढी माझ्याकडे आणा, आम्लरहित कागदात नीट बांधून देतो. मास्तर त्या चिठ्ठ्यांतच आहेत.

ठाकूरद्वारी
मला पटलेलं नाही. कुलूप एकटं घरी नेलं की ते नुसतं कुलूपच. पण रविवारी फोटो काढायला येतो. स्टोव्ह कुणाकडे आहे?

पुष्पावाहिनी
काकूंकडेच, मुलाच्या घरी डोंबिवलीला. फोटोला देणार नाहीत, विचारून बघा.